मुदतीत पुरी झालेली प्रतिकृती

जहाज, आगगाडी किंवा विमान ठरावीक प्रमाणात लहान करून हुबेहूब घडवणे हा मुळात पगारी कारागिरांचा उद्योग होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांचे प्रमाण बहुधा १:४८ असे, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट प्रतिकृतीत पाव इंचाचा होई. त्या करणाऱ्यांना कामाचा मोबदला मिळे आणि काम घेणारा मालक डोक्यावर असे, त्यामुळे प्रतिकृती अर्धवट सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता. याच्या अगदी उलट स्थिती इंग्लंडमधील नॉर्मन क्रॉस येथील युद्धकैद्यांची होती. १७९७ ते १८१४ या काळात तेथे ठेवलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातील मांसाची हाडे साफ करून, कोरून त्यांची जहाजे केली आणि छावणीच्या बाजारात विकली. दोऱ्यांचे जाळे, तोफांच्या रांगा, डोलकाठ्या हे सारे त्यांनी अशा बारकाव्याने केले की ती जहाजे आजही संग्रहालयांत जपून ठेवली आहेत. कैद्यांवर कसलीही मुदत नव्हती. सुटका कधी होणार हे ठाऊक नसल्याने वेळ मात्र अमाप होता.

छंद म्हणून प्रतिकृती करणारा माणूस या दोहोंच्या मधे उभा असतो. त्याला मालक नसतो आणि अमाप वेळही नसतो. दिवसभराच्या कामानंतरची संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस एवढेच त्याच्या हाती असते. त्यामुळे हा छंद रुजला तेव्हापासून त्याच्यापुढे एक अडचण कायम राहिली: सुरू केलेले काम पुरे कसे करायचे? ती सोडवण्यासाठी जे मार्ग निघाले त्यांतील बहुतेक मार्ग तारखेच्या, हप्त्याच्या किंवा क्रमाच्या रूपाने बाहेरून आले. एकट्याने स्वतःवर मुदत घालून घेणे फार थोड्यांना जमले.

यातील पहिला मार्ग नियतकालिकाचा. जानेवारी १८९८ मध्ये लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘द मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन’ हे मासिक सुरू केले. त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ मॉडेल इंजिनिअर्स’ ही संस्थाही स्थापन झाली. कारकून, शिक्षक, रेल्वेचे कामगार, दुकानदार असे नाना तऱ्हेचे लोक घरामागच्या शेडमध्ये पायाने चालवायचे लेथ बसवून वाफेची छोटी इंजिने करू लागले होते. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रूढ झाली होती, आणि या छंदाच्या वाढीत त्या मोकळ्या दुपारचा वाटा मोठा आहे. मासिक थोड्याच वर्षांत साप्ताहिक झाले. एखादे इंजिन कसे करावे हे त्यात क्रमशः छापले जाई: एका अंकात चौकट, पुढच्यात चाके, त्यापुढे सिलिंडर. वाचकाच्या हाती दर आठवड्याला तेवढ्याच आठवड्याचे काम पडे.

या क्रमशः लेखनाचे खरे सामर्थ्य दाखवले ते एल.बी.एस.सी. या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या लेखकाने. ती आद्याक्षरे लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची. कर्ली लॉरेन्स या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ त्या रेल्वेत नोकरीला होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी छोट्या इंजिनांचे बॉयलर कसे असावेत यावर ब्रिटिश छांदिष्टांमध्ये मोठा वाद पेटला होता. स्पिरिटच्या ज्योतीवर चालणारे बॉयलर प्रचलित होते. लॉरेन्स यांचे म्हणणे असे की, खऱ्या इंजिनासारखा कोळशावर चालणारा बॉयलर लहान आकारातही उत्तम चालतो. १९२४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात दोन्ही प्रकारांची जाहीर चाचणी झाली. अडीच इंच रुळांवर चालणाऱ्या त्यांच्या ‘आयेशा’ या छोट्या इंजिनाने मोठ्या माणसांना बसवून ओढून दाखवले आणि वादाचा निकाल लागला. त्यानंतर त्यांची लेखमाला दशकानुदशके चालली. एका इंजिनाची माला संपली की दुसऱ्याची सुरू होई.

त्यांच्या सूचनांचा क्रम नीट पाहिला की त्यामागचा विचार उलगडतो. आधी चौकटीच्या दोन पट्ट्या कापायच्या, मग आसांच्या पेट्या, चाके आणि जोडदांडे. त्यानंतर सिलिंडर आणि झडपांची यंत्रणा. एवढे झाले की बॉयलर नसतानाही इंजिन चालवून पाहता येई, कारण पंपाने हवा भरून सिलिंडर चालवता येत. तांब्याचा बॉयलर हे सर्वांत खर्चाचे, सर्वांत अवघड आणि चुकले तर धोक्याचे काम. पत्रे ठोकून वळवायचे, ब्लोलँपच्या आचेवर सांधे जोडायचे, मग पाण्याच्या दाबाने गळती तपासायची, असा त्याचा पसारा. तो हेतुपुरस्सर नंतर येई. तोवर घरच्या टेबलावर फिरणारी चाके पाहून करणाऱ्याची खात्री पटलेली असे की आपल्या हातून हे होते आहे. अखेरीस पाण्याची टाकी, चालकाची केबिन, रंग. कामाची ही मांडणी माणसाच्या उमेदीचा हिशेब ठेवून केलेली होती. ज्या टप्प्यावर लोक काम टाकून देतात त्याच्या अगदी अलीकडे त्यांना यश दिसेल अशी ती योजना होती. लॉरेन्स यांची ही कामगिरी बॉयलरच्या वादातील विजयाहून मोठी मानावी लागेल.

क्रमशः छपाईचा आणखी एक लाभ खिशाला होता. ओतीव भाग पुरवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. नॉर्थहॅम्प्टनची बॅसेट-लोक, हेन्लीची स्टुअर्ट टर्नर ही त्यांतील नामांकित नावे. चाकांचे बिडाचे ओतीव तुकडे या महिन्यात, सिलिंडरचे पुढच्या महिन्यात अशी खरेदी विभागली जाई. साधा पगार असलेल्या माणसाला संपूर्ण इंजिनाचे सामान एकदम घेणे परवडले नसते, पण वर्षभरात ते घरी येई. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉरेन्स यांनी नवशिक्यांसाठी ‘टिच’ नावाचे चार चाकांचे इंजिन दिले. ते आजही लोक करतात.

साप्ताहिकाने कामाची गती ठरवली आणि प्रदर्शनाने शेवटची तारीख. ‘मॉडेल इंजिनिअर’चे पहिले प्रदर्शन १९०७ मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये भरले. गावोगावच्या मंडळांचीही प्रदर्शने भरू लागली, आणि वर्षाचे काम त्या दिवसावर नजर ठेवून आखण्याची सवय छांदिष्टांना लागली.

अमेरिकेत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. मोटारींचे सांगाडे करणारी डेट्रॉइटची फिशर बॉडी ही कंपनी मूळच्या घोडागाड्या बांधणाऱ्या घराण्यातील भावांनी १९०८ मध्ये काढलेली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने तिचा मोठा हिस्सा घेतला आणि १९२६ मध्ये ती पूर्णपणे आपल्यात सामावून घेतली. नेपोलियनच्या काळातील शाही घोडागाडी हे तिचे बोधचिन्ह होते. १९३० मध्ये कंपनीने मुलांसाठी ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही स्पर्धा जाहीर केली: त्याच शाही घोडागाडीची प्रतिकृती स्वतःच्या हातांनी घडवायची. बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना प्रवेश विनामूल्य होता. आराखडे आणि सूचना कंपनी पुरवी, पण तयार भाग एकही देत नसे. स्पर्धेचे मानद अध्यक्षपद अमेरिकन बालवीर चळवळीतील ज्येष्ठ नेते डॅन बिअर्ड यांच्याकडे होते.

त्या घोडागाडीत काय नव्हते! लाकडावरचे कोरीव काम, धातूची नाजूक नक्षी, चाकांचे आरे, आत कापडाच्या गाद्या, उघडणारी दारे आणि वर अनेक हातांचा तलम रंग. सुतार, लोहार, शिंपी आणि रंगारी या चौघांची कामे एकाच मुलाला करायची होती, तीही शाळेचा अभ्यास सांभाळून. शेकडो तासांचे हे काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरे करून, खोक्यात भरून, मोडतोड न होता पाठवायचे असे. जागतिक मंदीचे ते दिवस होते. पहिल्या वर्षी, १९३१ मध्ये, विद्यापीठीय शिक्षणासाठी पाच-पाच हजार डॉलरच्या चार शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. कामगाराच्या मुलाला कॉलेजचे दार उघडून देणारी ही रक्कम होती, म्हणूनच त्या तारखेला एवढे वजन आले. वेगवेगळ्या भागांतून निवडलेल्या मुलांना डेट्रॉइटला बोलावून त्यांचा सत्कार होई. नाव नोंदवणाऱ्यांच्या मानाने गाडी पुरी करून पाठवणारे थोडेच असत. आराखडा हाती असून, बक्षीस समोर असूनही अनेकांचे काम मधेच थांबे. जे पुरे करत त्यांनी महिन्यामहिन्याचे काम आधीच वाटून घेतलेले असे.

१९३७ पासून गिल्डमध्ये मोटारीची प्रतिकृतीही स्वीकारली जाऊ लागली. १९४२ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत स्पर्धा बंद राहिली, आणि त्यानंतर काही वर्षांतच घोडागाडी मागे पडून मोटार हाच स्पर्धेचा विषय झाला. ही मोटार स्वतः कल्पून १:१२ या प्रमाणात करायची असे. त्यामुळे वेळापत्रक बदलले. आधी चित्रे काढायची, मग मातीचा नमुना घडवून आकार ठरवायचा, त्यानंतरच लाकूड हाती घ्यायचे. ज्यांनी चित्रांतच हिवाळा घालवला त्यांना रंगाचे हात घासून चकचकीत करायला वेळ उरत नसे. १९४७ मध्ये राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारे चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्समध्ये रुजू झाले आणि १९८६ मध्ये तेथील संकल्पन विभागाचे उपाध्यक्ष झाले. अमेरिकी मोटारींचे अनेक आरेखक या स्पर्धेतून घडले. १९६८ मध्ये गिल्ड बंद झाले. त्यातील काही प्रतिकृती वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत.

युद्धाने मात्र छंदाला सक्तीच्या जवळ जाणारे वेळापत्रक दिले. १९४२ च्या आरंभी अमेरिकी नौदलाने देशभरातील शाळांकडे विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागितल्या: पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येकाच्या दहा हजार. आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे तोफचीला आणि वैमानिकाला क्षणात ओळखता यायला हवे, त्यासाठीच्या प्रशिक्षणात या प्रतिकृती लागत. प्रमाण १:७२ ठरवण्यात आले. या प्रमाणात पस्तीस फुटांवर धरलेली प्रतिकृती सुमारे अडीच हजार फुटांवरील, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. आकाशात विमानाची फक्त काळी बाह्याकृती दिसते, म्हणून प्रतिकृतींना काळा रंग द्यायचा होता.

शाळांच्या हस्तकलेच्या वर्गांत मुलांनी लाकडाचे ठोकळे कापले, नमुनापट्ट्या लावून लावून तासले, पॉलिश पेपरने घासले. तपासणीत आकार जरा चुकला तर प्रतिकृती नाकारली जाई. उत्तीर्ण प्रतिकृतींच्या संख्येनुसार मुलाला नौदलाच्या हुद्द्यांच्या धर्तीवर चढत्या पदव्यांची प्रमाणपत्रे मिळत. एवढ्या मोठ्या संख्येचे काम होण्यामागे कामाची वाटणी होती. काही वर्गांत एक गट पंखच करी, दुसरा धडच, तिसरा जोडणी आणि रंग. कारखान्यातील कामाची रीत या छंदात एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच आली. पुढे सेल्युलोज ॲसिटेटच्या साच्यातील प्रतिकृती येऊ लागल्या आणि मुलांच्या हातांवरचा भार कमी झाला.

१:७२ हे प्रमाण त्याआधी दहा वर्षे ब्रिटनमध्ये रूढ होत होते. १९३२ मध्ये ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी विमानांचे संच निघाले. १९३६ च्या डिसेंबरात ‘फ्रॉग पेंग्विन’चे प्लास्टिकचे संच आले. खरा बदल १९५२ मध्ये झाला: एअरफिक्सने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकायला ठेवला, आणि पुढच्या वर्षी स्पिटफायर विमानाचा. जपानमधील शिझुओका येथे १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यात सुरू झालेल्या तामियाने १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेचा आपला पहिला प्लास्टिक संच आणला.

प्लास्टिकच्या संचाने जो काळ वाचवला त्याला तोड नाही. आठवडेच्या आठवडे चालणारे तासकाम संपले. भाग साच्यातूनच तयार येऊ लागले. संचासोबतच्या कागदावर कामाचा क्रमही छापून मिळू लागला. लहान विमान शनिवारी-रविवारी जोडून होऊ लागले. पण संच स्वस्त आणि सोपे झाल्यामुळे लोक करण्यापेक्षा विकत अधिक वेगाने घेऊ लागले, आणि न उघडलेल्या खोक्यांच्या राशी घराघरांत साचू लागल्या. पूर्वी साहित्य जमवणेच कठीण असल्यामुळे एका वेळी एकच काम हाती असे. आता दहा कामे एकदम सुरू करता येत होती आणि दहाही अर्धवट राहू शकत होती. छांदिष्टांच्या वेळापत्रकांची गरज प्लास्टिकमुळेच वाढली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या काळात काम आखण्याचे जे तंत्र मुरले ते रंगाच्या वाळण्यावर आधारलेले आहे. इनॅमल रंगाचा एक हात पुरता वाळायला रात्र, कधी पूर्ण दिवस जातो. त्यावर चकचकीत वार्निश, मग पाण्यात भिजवून लावायची चिन्हे, पुन्हा वार्निश, मग तेलरंगाने मळ आणि गंज दाखवायचा, असे थर चढत जातात. प्रत्यक्ष हाताचे काम अर्ध्या तासाचे असते, वाट पाहणे मात्र दिवसाचे. त्यामुळे अनुभवी माणूस दोन प्रतिकृती आळीपाळीने घेतो आणि एकीचा रंग वाळत असताना दुसरीचे सांधे घासतो. दोनाच्या वर गेले की हा मेळ बिघडतो. प्रदर्शनाची तारीख असेल तर तो तिथून उलटे मोजत येतो: शेवटचा आठवडा थरांसाठी राखून ठेवायचा, कारण घाईने दिलेला रंग ओला असतानाच झाकला तर महिन्याभराची मेहनत एका रात्रीत सुरकुतते.

तारीख देणाऱ्या संस्थाही याच काळात वाढल्या. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लास्टिक प्रतिकृतिकारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिच्या शाखा देशोदेशी निघाल्या. शिझुओकात दर वर्षी मे महिन्यात भरणाऱ्या हॉबी शोमध्ये छांदिष्ट मंडळे आपली वर्षाची कामे मांडतात. पुढे प्रकाशनसंस्थांनी अंकागणिक थोडे थोडे भाग देण्याची पद्धत सुरू केली; दे अगोस्तिनी या इटालियन कंपनीने चित्रपटातील ‘मिलेनियम फाल्कन’ या अवकाशयानाची मोठी प्रतिकृती १०० साप्ताहिक अंकांत दिली. लॉरेन्स यांच्या लेखमालेशी तिचे नाते उघड आहे, पण एक फरक मोठा आहे. लॉरेन्सच्या वाचकाला पुढचा टप्पा वाचून, समजून स्वतः घडवावा लागे. येथे तो पाकिटातून बाहेर काढायचा असतो. हाताला शिकवण्याच्या दृष्टीने जुनी पद्धत निःसंशय सरस होती.

महाराष्ट्रात प्रतिकृती करण्याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे ती दिवाळीतल्या किल्ल्याची, आणि तिची मुदत पंचांगाने ठरवलेली आहे. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर आणि वसुबारस यांच्यामध्ये जे थोडे दिवस मिळतात त्यांत किल्ला उभा राहायला हवा. दगड-विटांचा ढीग रचायचा, त्यावर ओली पोती पसरून चिखलाचे लिंपण करायचे, मग बुरूज, तटबंदी, महादरवाजा आणि पायऱ्या. इथेही उलटे मोजावे लागते, कारण डोंगरावरच्या झाडीसाठी पेरलेल्या हळिवाला किंवा मोहरीला हिरवे व्हायला तीन-चार दिवस लागतात. पेरणी लांबली तर धनत्रयोदशीला डोंगर उघडा दिसतो. रंग, चुना आणि गेरू माती सुकल्यावर. शिवाजी महाराज, मावळे, तोफा ही बाजारातून आणलेली मातीची चित्रे सर्वांत शेवटी. काही मुले मनातला डोंगर करतात. काही राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला नकाशा पाहून, मापे उतरवून घडवतात. अशा वेळी तो खेळ न राहता खऱ्या अर्थाने प्रमाणबद्ध प्रतिकृती होतो.

पुण्यामुंबईसह अनेक गावांत मंडळे आणि संस्था किल्ल्यांच्या स्पर्धा घेतात. परीक्षक दिवाळीच्या दिवसांतच वाड्यांत आणि सोसायट्यांच्या अंगणांत जाऊन किल्ले पाहतात. अर्धवट किल्ल्यासाठी तारीख पुढे ढकलण्याची सोय या स्पर्धेत नसते.